बुडालेली गाडीवाट

उमरग्याच्या अलीकडं एका तलावात काळ्या खडकाचं बेट आहे. हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा, एवढं भुवनेश्वरी शाळेत शिकली होती. पण त्याच खडकावर सुरय पाखरं अंडी घालतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन उन्हाळे ती बघत होती. वर दुर्बिणीतून पाखरं, खाली डब्यातून मासे. तेलाच्या डब्याचं बूड कापून तिनं काच बसवली होती. काच पाण्याला टेकवली की तळ लख्ख दिसायचा.

यंदा पाणी झपाट्यानं उतरलं. बेटाकडं जाणारी, धरणात बुडालेली गाडीवाट वर येऊ लागली, तसा खडी विकणाऱ्या बिभीषणचा डोळा खडकावर गेला. तालुकाभर दगडच दगड, पण ह्याला फुकटचा पायजे! "पाणी घोट्याला लागलं की ट्रॅक्टर घालतो," असं तो हाटेलात सांगत सुटला.

सुरयांची पिल्लं अजून उडत नव्हती. भुवनेश्वरी तक्रार घेऊन तहसील कचेरीत गेली, तर साहेब जेवायला गेलेले. चार खेपा घातल्या, चारी वेळा जेवायलाच.

मग तिनं फावडं उचललं आणि गुडघाभर पाण्यात उतरली.

"ताई, तळं उपसता का काय?" मासेमार अल्ताफ होडीतून ओरडला.

"वाट तोडते. येतोस, का नुसता हसतोस?"

"हसत हसत येतो की!"

दोघांनी वाटेच्या मधला मुरूम उपसायला घेतला. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मुरमाखाली काळा गाळ लागला तरी ती थांबली नाही. कंबरभर चर झाला, वर पाणी पुन्हा सपाट पसरलं, काठावरून काही कळेना.

बिभीषण ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा ती वाटेच्या तोंडाशी डबा घेऊन उभी होती.

"भाऊ, मधी वाट तोडलीय म्या. आधी ह्यातनं बघा."

"तुझ्या डब्यातनं? आमच्या आज्याच्या गाड्या गेल्यात हितनं. डोळं झाकून जातो, सरक."

ती सरकली. ट्रॅक्टर गेला आणि चरात नाकावर बसला. मागची चाकं गरगर फिरून आणखी रुतली. जेसीबीवाल्यानं काठावरूनच हात जोडले, "गाळ वाळू द्या, मग बोलवा."

दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसला, तरी ओढायची साखळी कुठं अडकवायची ते वरून दिसेना, तेव्हा बिभीषण गुरगुरला, "दे तो डबा."

त्यानं वाकून बघितलं. बराच वेळ वर आला नाही.

"अगं, चिलापी मासळी आपलीच पिल्लं गिळायली की!"

"गिळत न्हाय. तुमची सावली पडली म्हणून तोंडात लपवली."

तो पुन्हा काचेवर वाकला. डबा लगेच परत दिला नाही.

गाळ वाळेपर्यंत ट्रॅक्टर तिथंच राहिला. तोवर सुरयांच्या पिल्लांच्या पंखात बळ आलं. पहिलं उडालेलं पिल्लू बेटावरून थेट ट्रॅक्टरच्या सीटवर बसलं आणि शिटलं.

"बघ, कुठं घाण केली!" बिभीषण काठावरून ओरडला.

भुवनेश्वरीनं दुर्बीण खाली घेतली. सगळी पिल्लं हवेत होती. तिनं पुन्हा फावडं उचललं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत चर दुप्पट रुंद करायचा होता.