सुंदराची तहान

वैशाखाच्या उन्हानं दहिवलीची कौलं तापली होती, आणि सुंदराच्या जिभेला कोरड पडली होती. किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला मुंबईच्या इस्पितळात न्यायचे, मशीनवर रक्त धुवायला. मधल्या दिवसांत पाणी घोटाघोटानं. केळं नको, शहाळं तर नकोच, त्यातल्या क्षारानं काळीज बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा सहदेव भिवपुरीच्या वीजघरात कामाला, म्हणून तिची थोरली जाऊ जनी हंड्यापाशी राखणीला बसायची.

पण आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं? सहदेवची काकी अंबाबाई, शेजारचीच, सकाळी आपल्या माडाची शहाळी घेऊन आली. जनीनं तिला उंबऱ्यातूनच परत धाडलं.

"पान्यानं कुनी मरतं काय गं?" अंबाबाई फणकारली. "का माझ्या हाताला इख लागलंय?"

दुपारी जनी धुणं घेऊन नदीवर गेली, तशी अंबाबाई मागच्या दारानं आत आली.

"पी गं माझी बाय. घसा वला कर."

सुंदराला सगळं ठाऊक होतं. तरी तिनं शहाळं दोन्ही हातांनी धरलं. मग दुसरंही.

जनी परतली तेव्हा सुंदरा भिंतीला टेकून बसली होती, अंबाबाई तिला पदरानं वारा घालत होती. ओठ पांढरे. "जाऊबाय, पाय उचलत नाय गं. छातीत कायतरी चुकतंय."

जनीनं तिचं मनगट धरलं. नाडी चालायची, थबकायची; थबकली की जनीचाही श्वास अडायचा. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या शहाळ्यांवर गेली.

"काकी, काय केलंत ओ?"

अंबाबाईचा चेहरा राखेसारखा झाला. "मला वाटलं, तू उगाच तिला तहानेनं मारतेस..."

गल्लीतल्या पोपटनं टेंपोतल्या विटा रस्त्यावरच उतरवल्या. सहदेवला सांगायला पोपटचा भाऊ सायकलनं पळाला. सुंदराला मधे धरून जनी नि अंबाबाई मागं बसल्या.

चौक गाव मागं पडलं. सुंदराचा हात अंबाबाईच्या मुठीत ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

"पोपट, हाक रं जोरात!"

"हाकतोय काकी! याच्यापेक्षा जोरात गेलो तर उलटंल!"

"मी मारली गं हिला," अंबाबाई पुटपुटली.

"रडू नका आता," जनी ओरडली. "ती झोपतेय. बोला तिच्याशी, कायबी बोला!"

लग्नघरी जात्यावर यायचा तसा सूर अंबाबाईच्या तोंडून निघाला, कापरा, तुटका:

*वाटंच्या आंब्या रं, धर सावली दाट,*
*माझ्या सुंदराची नको अडवू वाट.*

सुंदराच्या पापण्या हलल्या. अंबाबाई तेच म्हणत राहिली, पनवेलपर्यंत, त्याच्याही पुढं, घसा बसेस्तोवर.

इस्पितळात शिपायांनी सुंदराला स्ट्रेचरवर घातलं आणि दार बंद झालं. अंबाबाई दारासमोरच्या फरशीवर बसून राहिली. बाकावर बस, म्हणून जनीनं सांगितलं, तिनं ऐकलं नाही. आतून कुणी बाहेर आलं की ती तोंड फिरवायची. विचारायची छाती होईना.

दिवेलागणीला नर्स आली. "कुणीतरी एकच या आत."

जनीनं अंबाबाईला पुढं ढकललं.

मशीन घरघरत होती. नळ्यांतून लाल रक्त फिरत होतं, आणि सुंदराचे डोळे उघडे होते. तिनं अंबाबाईला ओळखलं. ओठ हलले.

"काकी... पानी."

अंबाबाईचा हात उशापाशी भरून ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याकडं गेला. तिनं हात मागं घेतला, पदरात गुंडाळला आणि नर्सकडं वळली.

"बाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पदराचं टोक भिजवून नुसतं ओठाला लावलं... तर चालंल का ओ?"