मिठागरातली मुंगी

भिवाच्या पोटातला गोळा मुंबईच्या डॉक्टरांनी कापून काढला, त्याला महिना झाला होता. सन अठराशे पंच्याण्णव. मूत्रपिंडाच्या डोक्यावर वाढलेला, लिंबाएवढा गोळा. त्यानेच वर्षभर माणसाचा जीव खाल्ला. बसल्या जागी छाती धडधडायची, घामाने बंडी भिजायची, तोंड पांढरंफटक पडायचं. त्यात लघवीतून साखर जायची, म्हणून गोड खाणं बंद. कोलशेत गावातल्या घरामागे तो लघवीला बसून उठला की तिथे मुंग्यांची रांग लागे.

घरी पाठवताना इस्पितळातला कंपाउंडर हरिहर भिवाच्या बायकोला, सगुणेला म्हणाला, "गोळा गेला, आता साखरही जायला हवी. नाही गेली, तर गोळ्याचं मूळ आत राहिलं समजा. तुमच्याकडे तपासायची नळी कुठली? मुंग्यांवर लक्ष ठेवा. आल्या तर त्याला लगेच परत आणा."

पुन्हा कापलं तर नवरा जिवंत उठायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मीठ पिकायचे दिवस होते. दोघं मिठागरावरच्या खोपटात राहायला गेली. भिवा बसून, सगुणा कामाला. सकाळी तो बांधावर लघवी करून आला की बाई तिथे हजर! उकिडवी बसून ओली माती न्याहाळायची, कामाला जायची, अर्ध्यातून पळत येऊन पुन्हा न्याहाळायची. आठ दिवस एक मुंगी नाही. नवव्या दिवशी तिने आनंदाने खोपटातल्या देवीपुढे गुळाचा खडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी खडा तसाच. तिसऱ्या दिवशीही. पाझरून चिकट झालेला, पण मुंगी नाही.

तेव्हा कुठे सगुणेच्या डोक्यात प्रकाश पडला. मिठात जन्म गेला बाईचा, आणि खाऱ्या जमिनीवर मुंगी फिरकत नाही हे ध्यानात येऊ नये! मला तर रागच येतो. पण इतक्या धास्तावलेल्या बाईला काय बोलायचं?

"अवो, हितं मुंग्याच नाय!" ती ओरडली.

"मना ठाव व्हता," भिवा म्हणाला.

"आनि गप बसलाव?"

"तुजा डोला लागत व्हता. वरीसभर लागला नव्हता."

तिला संताप आला आणि रडूही आलं. तसंच उठवून तिने त्याला कोलशेतला आणलं. परसात बसवलं. तो उठल्यावर त्या जागेपासून हातभर अंतरावर गुळाचा खडा ठेवला, म्हणजे इथे मुंग्या आहेत की नाहीत ते कळेल, पुन्हा घोळ नको. मग दोघं मागच्या दारात बसली.

भिंतीतून एक मुंगी आली. मग चार, मग रांग. रांग ओल्या मातीपाशी पोचली, तशी सगुणेने भिवाचा दंड गच्च धरला. मुंग्या जरा घुटमळल्या आणि ओल सोडून गुळाकडे गेल्या.

ऊन डोक्यावर येईपर्यंत ती हलली नाही. ओल्या जागेवर एकही मुंगी चढली नाही.

"झाला बगून?" भिवा म्हणाला. "आता मना बी गुल दे."

वर्षभरानंतर तिने त्याच्या हातावर गूळ ठेवला.