शिंगांसकट

नीलिमाला शिकारीचा मनस्वी तिटकारा, आणि नेमकी शिकारीचीच फाईल तिच्या टेबलावर येऊन पडली होती. ओसाकातल्या त्या छोट्या मालवाहतूक कंपनीत परदेशाशी इंग्रजीत बोलायचं झालं की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळत. “नीलिमा-सान, ओनेगाई,” अशी विनंती करत फाईल सरकवायची आणि आपण मोकळं व्हायचं, अशी तिथल्या मंडळींची पाच वर्षांची सवय होती.

माल म्हणजे एक मुंडकं होतं. नामिबियातल्या कुडूचं. कुडू हे पिळदार शिंगांचं, घोड्याएवढं उंच हरीण. त्याचं मानेपर्यंतचं डोकं पेंढा भरून तयार होतं आणि ते उत्तरेकडच्या सेंदाई शहरात पोचवायचं होतं.

“मेलेल्या जनावराचं डोकं भिंतीवर टांगून लोक चहा कसा पितात, कोण जाणे,” ती नवऱ्याला म्हणाली होती. प्रसन्नने “क्लाएंट इज क्लाएंट” म्हणून विषय मिटवला होता.

ही क्लाएंट मात्र निराळी निघाली. ओइकावा-सान त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, उत्तरेच्या डोंगरात पंचवीस वर्षं हरणं मारून खाल्लेल्या. सत्तरी झाली तेव्हा स्वतःलाच भेट म्हणून त्या एकट्या नामिबियाला गेल्या आणि तीन दिवस उन्हातान्हात पायी माग काढून त्यांनी हा कुडू एका गोळीत पाडला. परत आल्यावर सुताराला बोलावून समुद्राकडच्या घरात एक भिंत जाड फळ्यांची करून घेतली, कारण साध्या भिंतीला एवढं वजन पेलणारं नव्हतं. डोकं तयार व्हायला वर्ष लागणार होतं. त्याआधीच मार्चमधली त्सुनामीची लाट आली आणि भिंतीसकट घर घेऊन गेली. ओइकावा-सान तेव्हा टेकडीवरच्या दवाखान्यात दात दाखवायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. हे सगळं त्यांनी फोनवर दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं, आणि मध्येच त्या दाताचं पुढे काय झालं तेही सांगितलं.

आता त्या सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या घरांपैकी एका घरात राहत होत्या. दोन वर्षं मुंडकं सांभाळून नामिबियातला दुकानदार कंटाळला होता. जूनअखेर नेलं नाही तर विकून टाकू, असं त्याने कळवलं होतं.

नीलिमाने खर्च काढला आणि तिचे डोळे पांढरे झाले. मुंडक्याचं वजन बावीस किलो, पण विमानवाले वजन बघत नाहीत, खोकं किती जागा अडवतं ते बघतात. शिंगांमुळे खोकं दीड मीटर उंच होत होतं. त्यात लाकडी पेटी, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, निर्यातीचा परवाना, इथली कस्टम्स आणि सेंदाईपर्यंतचा ट्रक. सगळं मिळून एवढे पैसे होत होते की तेवढ्यात तिघांची मुंबईवारी होऊन वर आंब्याच्या पेट्या आल्या असत्या.

तिने दुकानदाराला विचारलं, यातून काही मार्ग? तो म्हणाला, आहे की. शिंगं मुळाशी कापतो, डोक्याला आडवी बांधतो, पोचल्यावर आत सळई घालून जोडून घ्या. खर्च बरोबर निम्मा.

नीलिमाला भारी आनंद झाला. एक निवृत्त बाई, घरदार गेलेली, डब्यासारख्या दोन खोल्यांत राहणारी, आणि आपण तिचे निम्मे पैसे वाचवतोय! लगेच फोन लावून तिने सगळं समजावून सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “केक्को देस.”

पुण्यातल्या जपानीच्या क्लासमध्ये ‘केक्को’ म्हणजे छान, उत्तम, चालेल, असं तिने वहीत लिहून घेतलं होतं. ठरलं तर मग. तिने त्याच संध्याकाळी नामिबियाला मेल टाकली: शिंगं कापा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लेक मैथिली कॉर्नफ्लेक्स खात होती. आठ वर्षांची ही पोर मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर द्यायची.

“दूध घालू अजून?”

“केक्को देस.”

नीलिमाने दूध ओतलं.

“आई! केक्को म्हटलं ना!”

“अगं, राहू दे म्हणतेय ती,” प्रसन्न पेपरातून मान वर न काढता म्हणाला. “तू झोपेत आहेस का? कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात रोज पिशवी नको असली की काय म्हणतेस तू?”

केक्को देस म्हणते. रोज म्हणते. नीलिमाच्या हातातलं दुधाचं खोकं तसंच राहिलं.

चालेल नव्हे, राहू दे. शिंगं राहू देत! तिला भाषा येत नव्हती असं थोडंच होतं? पण स्वस्तातलं कुणी नाकारेल हेच तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शनिवारी दोन स्टेशनं पलीकडे जाऊन स्वस्त कांदे आणणारी बाई ती. तिला जे ऐकायचं होतं तेच तिने ऐकलं होतं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने सेंदाईला फोन केला. आवाज होईल तितका साधा ठेवून म्हणाली, “ओइकावा-सान, पुन्हा एकदा खात्री करून घेते. शिंगं कापायची नाहीत ना?”

“नाही हो. कालच सांगितलं की.”

“खर्च दुप्पट होईल.”

“होऊ दे. मी त्याला एकदा मारलंय,” ओइकावा-सान म्हणाल्या. “त्याचं मला काही वाटत नाही, शिकार ती शिकार. पण आता पेटी लहान व्हावी म्हणून पुन्हा कापायचं? तेवढं मला जमणार नाही. मी बागा साफ करायची कामं घेतलीत, पैसे जमतील.”

त्र्याहत्तराव्या वर्षी बागा साफ करत होत्या! नीलिमाला स्वतःची इतकी लाज वाटली की तेव्हाच सगळं ओकून टाकावं असं झालं. पण जीभ रेटली नाही. “ठीक आहे,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

नामिबियातलं दुकान उघडायचं ओसाकाच्या दुपारी चारला. तोवर करायचं काय? तिने दोन मेल पाठवल्या, एक फॅक्स पाठवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की विभागप्रमुख मोरिता-सान येऊन तब्येत विचारून गेले. मेल कालच पोचली होती. त्यांनी कालच कापून टाकलं असलं तर? कापलेलं जोडता येतं, न कापलेलं करता येत नाही. डबा तसाच परत बॅगेत गेला.

चारला फोन लागला. दुकानदार हसत म्हणाला, “मॅडम, वेळेत फोन केला म्हणून बरं. माणूस करवत हातात घेऊनच उभा आहे.”

“त्याला म्हणावं खाली ठेव!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की अख्खं ऑफिस वळून पाहू लागलं. मग तिने मोरिता-सानना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “निस्तरलं ना? मग क्लाएंटला सांगायचं कारण नाही. उगीच त्यांना त्रास.”

कारण नव्हतं हे खरं. पण जुलैत पेटी सुखरूप पोचल्याची सही आली, तरी नीलिमाला गप्प बसवेना. एक रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन ती सेंदाईला निघाली. चूक केली तर समोर जाऊन वाकायचं, ही इथली रीत तिला एव्हाना पटली होती.

घरांची रांग पत्र्याची, सगळी दारं एकसारखी. ओइकावा-सानचं दार ओळखायला नंबर लागला नाही, बाहेर बागकामाचे चिखलाचे बूट वाळत होते. बुटकी, काटक बाई, कापलेले पांढरे केस. “इतक्या लांबून! या, या.”

आत दोनच खोल्या होत्या. त्यातली एक कुडूची होती. भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती, आणि दिली असती तरी ती भिंत बावीस किलो पेलू शकली नसती. म्हणून ओइकावा-साननी कुणाकडून तरी जाड ओंडक्याची बैठक करून घेतली होती आणि भूकंपात कलंडू नये म्हणून ती चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळली होती. बैठक मावावी म्हणून टीव्ही शेजारच्यांना देऊन टाकला होता, कपाटही. कपडे स्वयंपाकघरात दोरीवर होते. शिंगांची टोकं छतापासून चार बोटं खाली होती. मान किंचित वळलेली, कान टवकारलेले.

नीलिमा दारातच थबकली. टांगलेलं मढं पाहावं लागणार म्हणून ती मन घट्ट करून आली होती. प्रत्यक्षात तिला त्या जनावरासमोर आवाज खाली आणावासा वाटला. काय देखणं होतं ते! आणि त्याला एवढा मान देणारी ती बाई तर त्याहून देखणी वाटली.

“इकडे या, तुम्हाला एक दाखवायचंय,” ओइकावा-सान म्हणाल्या. त्यांनी नीलिमाचा हात धरून शिंगाच्या मुळाशी नेला. तिथे काळपट शिंगाभोवती खडूची पांढरी रेघ होती, आणि दुसऱ्या शिंगालाही तशीच.

“पेटी उघडली त्याच दिवशी दिसली,” त्या म्हणाल्या. “कापायची खूण आहे. म्हणजे कुणीतरी कापायला सांगितलं होतं आणि कुणीतरी ऐन वेळी थांबवलं. मी रोज याची धूळ पुसते, पण ही रेघ नाही पुसली. थांबवलं त्या माणसाला भेटून आभार मानायचे राहिलेत. तुम्हाला माहीत असेल ना, कोण ते?”

वाटेत पाठ करून आणलेली जपानी माफी नीलिमा साफ विसरली.

“थांबवलं मी,” ती म्हणाली. “आणि कापायला सांगितलं तेही मीच. तुम्ही नको म्हणालात, मी हो ऐकलं. स्वस्त पडत होतं म्हणून. आणि मग तुम्हाला खरं सांगायची हिंमतही झाली नाही.” तिचे डोळे भरून आले.

ओइकावा-सानच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“मग आभार निम्मेच मिळतील,” त्या म्हणाल्या.

आणि गुडघे टेकून, दोन्ही तळवे चटईवर ठेवून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकल्या. आईच्या वयाच्या बाईने आपल्यापुढे असं वाकावं हे नीलिमाला बघवेना. तीही घाईघाईने खाली बसली आणि तिने त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला.