बशीतली धडधड

खिडकीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. कारागिराने माझी भिंगं घासून शेवटची फुंकर मारली आणि मी या प्रयोगशाळेत आलो. तेव्हापासून खाली पेशी बघतो नि वर माणसं. नवखी माणसं श्वास रोखून बघतात; मोठे सर बघण्याआधीच मत देऊन मोकळे होतात.

इथे काम करणाऱ्या ताई माझ्याखाली काचेची बशी ठेवायच्या. तिच्यात उंदराच्या गर्भातल्या मूळपेशी. ही लेकरं पुढे काहीही होऊ शकतात: हृदय, हाड, कातडी. जनुकं सगळ्यांत सारखीच. कोणतं जागं नि कोणतं झोपलेलं, यावर सारं ठरतं. 'लहानच राहा' असं सांगणारं एक जनुक जागं असलं, की पेशी हिरवी चमकायची. ते झोपवून ताईंना हृदयाच्या पेशी घडवायच्या होत्या. पण हिरवं काही विझेना.

सर म्हणाले, "ही शेवटची बशी. नाही जमलं, तर हे काम बंद."

ताई रडकुंडीला आल्या. शेजारच्या टेबलावरच्या दादांनी विचारलं, "पेशींना लहान ठेवणारं औषध बशीतून काढून टाकलंस ना?"

"काढलं की! तळाशी थोडंसं राहू देते. धुताना पेशी वाहून जातात हो, दादा."

"म्हणजे लेकरू शाळेत सोडलंस, पण बोट सोडलं नाहीस! मोठं कसं व्हायचं ते?"

"आणि सगळ्याच गेल्या तर?"

"उरतील त्या पुरतील. धू बघू."

ताईंनी बशी नीट धुतली. बऱ्याच पेशी गेल्या. ताईंचा चेहरा बघवेना. पण उरलेल्यांतला हिरवा रंग रोज फिका होत गेला, आणि एका सकाळी सर माझ्यावर वाकले.

"टेबल कोण हलवतंय रे?" ते खेकसले.

"कुणी नाही, सर," ताई म्हणाल्या. "त्याच हलतायत."

बशीत एक चिमुकला ठिपका धडधडत होता. हृदयाच्या पेशी घडल्या होत्या! सरांनी त्या दिवशी मत दिलंच नाही, नुसते बघत राहिले. ताईंचं काम चालू राहिलं.

आता नवं यंत्र आलंय आणि माझ्यावर आवरण असतं. तक्रार नाही, मजेत आहे. एवढंच सांगतो, मित्रांनो: भिंगं मऊ कागदाने पुसा, कोटाच्या टोकाने नको. आवरण घाला जरूर, पण अधूनमधून ते काढून डोळाही लावा. नुसतं जपून ठेवलेलं भिंग कुणाला काही दाखवत नाही.