मोहाखालची जागा

भंडाऱ्याला मुलाकडे राहायला आल्यापासून देवकाबाईंना एकट्यानं खाली उतरायची मुभा दिवसातून एकदाच होती. पहाटे साडेपाचला, कॉलनीशेजारच्या बगीच्यात, तासभर. बाकी सारा दिवस तिसऱ्या मजल्यावर. बगीचा म्हणजे जुन्या रानाचा उरलेला तुकडा. भोवती तारेचं कुंपण आलं, फरशीची वाट झाली, बाकं मांडली गेली. पण साग, तेंदू आणि मधोमध एक दांडगा मोह तसाच उभा राहिला.

मार्चअखेर मोहाची पहिली फुलं टपटपू लागली आणि देवकाबाईंचे हात शिवशिवले. अड्याळकडच्या त्यांच्या गावात फुलं गळायच्या सुमाराला घरोघरची माणसं आपापल्या मोहाखालचा पाला झाडून पेटवून देत. जमीन काळी, साफ झाली की फूल दुरूनही दिसे. ज्यानं जागा झाडली त्याच्या फुलांना दुसरा हात लावत नसे.

देवकाबाईंनी सागाच्या पानांचा फडा करून पाला ओढला, आग पसरू नये म्हणून ढिगाभोवतीची जमीन मोकळी केली आणि काडी ओढली.

धूर पाहून चौकीदार सेवकराम पाण्याची बादली घेऊन धावत आला. "अवो बाई! काय करून राहिल्या?"

"फुलं वेचाले जागा करून राहिली, भाऊ. इथंच तर बसली आहो, आग कुठं जाते?"

"इथं फूल तोडाले दंड आहे, तुम्ही तर होळीच पेटवली!" त्यानं बादली आगीवर रिकामी केली आणि कुंपणाबाहेरच्या एका पोराला त्यांच्या मुलाकडे, अमरकडे पिटाळलं.

अमर बनियनवरच आला. सेवकराम हळू आवाजात म्हणाला, "साहेब, जाणून आग लावली असं वहीत लिहिलं, तर बाईले पुन्हा गेटातून आत घेता येणार नाही. विसरभोळेपणानं झालं म्हणाल, तर मी काही पाहिलं नाही."

अमरनं आईकडे पाहिलं. "माय, आपण कुठं आहो ते ध्यानात नाही राहिलं नं तुले?"

देवकाबाईंना सगळं ध्यानात होतं. कोणत्या साली कोणता मोह किती टोपल्या झडला, तेसुद्धा. त्यांनी गेटाकडे पाहिलं.

"हो बाबू. विसरली मी."

सुटली मी, असं वाटलं त्यांना. पण घरी पोचताच अमर बायकोला म्हणाला, "रीना, मायले आता एकटं सोडाचं नाही. कुठं आहे तेही समजत नाही तिले." दुसऱ्या पहाटे दाराला आतून कुलूप होतं.

"मले सारं आठवते रे," देवकाबाई म्हणाल्या.

"हो माय, हो," अमर म्हणाला, तापातल्या लेकराला म्हणावं तसं.

रविवारी साडेआठला रीना त्यांना बगीच्यात घेऊन गेली, दंड घट्ट धरून. फुलं फिरणाऱ्यांच्या बुटांखाली चिकट झाली होती. सेवकराम तिथंच झाडांना पाणी देत उभा होता.

रीना प्रेमानं म्हणाली, "आई, हे कोणतं झाड? आठवतं का?"

देवकाबाईंनी गेटाकडे पाहिलं, मग सेवकरामकडे. तो पाइप हातात घेऊन ऐकत होता.

"नाही वं," त्या म्हणाल्या.

"मोह, आई. मोहाचं झाड. म्हणा बरं?"

"मोह," देवकाबाई म्हणाल्या.