गादीखालची ओळ

घड्याळे धुळ्याहून आली ती एकवीस पारदर्शक पिशव्यांत. पितांबरनानांनी ती टेबलावर ओतली, तेव्हा चावी न दिलेल्या त्या घड्याळांबरोबर सोसायटीच्या कचेरीत एकवीस निरनिराळ्या वेळा पसरल्या.

चोपड्याच्या आमच्या केळी सोसायटीला त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. एकवीस संस्थापक सभासदांना एकेक मनगटी घड्याळ द्यायचे, असा ठराव झाला होता.

“जीवराम,” नाना मला म्हणाले. ते सोसायटीचे चेअरमन. “असं पिशवीत दिलं तर भाजी दिल्यासारखं दिसेल. जळगावला जा. सराफांच्या पेट्या करणारा एक शालिग्राम आहे, त्याला एकवीस पेट्या सांगून ये.”

मी मराठीचा एम.ए., सोसायटीचा कारकून. मासिकांकडून परत आलेल्या कवितांची पाकिटे ज्या खणात होती, त्याच खणात सोसायटीचे शिक्केही होते. माझा एकही शब्द अद्याप कुठे छापला गेलेला नव्हता. दागिन्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून साटीन असते आणि त्यावर सराफाचे नाव सोनेरी अक्षरांत उमटवलेले असते, हे मला ठाऊक होते. त्या जागी माझ्या चार ओळी घातल्या तर? नानांना विचारले. ते म्हणाले, “चांगलं असेल तर घाल. रडकं नको.”

शालिग्रामभाऊंचा कारखाना सराफ बाजारामागच्या एका अरुंद जिन्यावर होता. भिंतीवर पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले: हाराचा अर्धचंद्र, बांगडीचे वर्तुळ, नथीचा इवलासा खळगा. सोने कुठेच नव्हते. त्याच्यासाठी राखलेल्या जागा तेवढ्या होत्या. मी बराच वेळ त्या भिंतीपुढे उभा राहिलो. मलाही वहीत हेच करता आले असते, तर.

भाऊ साठीचे, बोटांना सरस चिकटलेला. त्यांनी घड्याळ पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि विचारू लागले.

“उघडणार कोण?”

“ज्याला मिळेल तो.”

“नक्की?”

“पेटी दुसरं कोण उघडणार?”

ते नुसते हसले. माझ्या चार ओळींचा कागद त्यांनी दोनदा वाचला. “छान आहे. मला कळलं नाही, पण छान आहे.”

आठ दिवसांनी नमुना बघायला गेलो. पेटी गर्द निळ्या मखमलीची होती. खटका माझ्याकडे धरून मी ती उघडली. झाकण मागे पूर्ण आडवे पडले. घड्याळ उलटे होते. बारा माझ्याकडे, सहा पलीकडे. झाकणावरच्या चारही ओळी डोक्यावर उभ्या होत्या.

“भाऊ, हे उलटं झालं.”

“तुम्हाला उलटं. इकडे या, एम.ए. भाऊ.” त्यांनी पेटी काढून घेतली, मला समोर बसवले आणि खटका आपल्याकडे धरून पेटी उघडली. झाकण माझ्या पुढ्यात पडले. अक्षरे सरळ, घड्याळ सरळ. “दुकानात गादीवर बसून पेटी सराफ उघडतो, बघतं गिऱ्हाईक. चाळीस वर्षं मी उघडणाऱ्यासाठी पेटी केलीच नाही. समोरच्यासाठी केली.”

चूक झाली हे दाखवायला मी ती पेटी चोपड्याला आणली. नानांनी उभे राहून ती उघडली, माझ्यासमोर धरली आणि खूश झाले. “अगदी बरोबर. स्टेजवर मीच उघडून दाखवणार. झाकलेलं कसं द्यायचं? लोकांना दिसायला नको, आत काय आहे ते?”

रात्रभर ती पेटी माझ्या उशाशी होती. स्टेजवर नाना पेटी उघडतील तेव्हा क्षणभर माझ्या ओळी सरळ दिसतील, आणि तेवढ्यात टाळ्या होतील. पुढे माणूस घरी जाईल, स्वतःच्या हाताने पेटी उघडेल, आणि आयुष्यभर माझे शब्द त्याला उलटे दिसतील. ओळी फिरवून घेतल्या तर स्टेजवर उलट्या. एकाच कवितेला दोन दिशांनी वाचता येत नाही, ही अडचण मला कोणत्याही समीक्षेच्या पुस्तकात भेटली नव्हती.

पुन्हा जळगाव. भाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि पेटीतली, घड्याळ बसवलेली गादी नखाने उचलून बाहेर काढली. “ही सुटी आहे. घरी गेल्यावर फिरवली, की घड्याळ सरळ. झाकणाचं मात्र काही होत नाही.” मग त्यांनी गादीखालचा कोरा तळ दाखवला. “इथं काय असतं, माहीत आहे?”

“काय?”

“पावती. सराफ पावतीची घडी इथंच घालतो. दागिना घरी आला, की बाई आधी गादी उचलते. माणसाला सुचणार नाही, बाई उचलणारच.” त्यांनी तळावर दोन बोटे ठेवून माप दाखवले. “पण जागा लहान. एकच ओळ मावेल.”

मी कागद मांडीवर घेतला. तीन ओळी खोडायला मला एक चहा लागला. उरली ती अशी: ज्यांनी वाट पाहिली, वेळ त्यांच्या हातात.

झाकणावर ओळींच्या जागी सोसायटीचे नाव गेले. ते उलटे वाचले तरी कुणाचे बिघडणार नव्हते.

समारंभात नानांनी वीस पेट्या उघडून दाखवल्या. वीस म्हातारे घड्याळ मनगटाला बांधत खाली उतरले, रिकाम्या पेट्या काखेत. एकानेही गादीला हात लावला नाही. मी खांबाला टेकून उभा होतो; स्वतःच्याच लेखी मी पुन्हा एकदा परत आलेले पाकीट झालो होतो.

एकविसावे नाव चिंधा आबांचे. ते चार वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या पत्नी तानुबाई आल्या. नानांनी पेटी त्यांच्या हाती दिली आणि म्हणाले, “अक्का, अभिमनला होईल हे.” अभिमन त्यांचा मुलगा, पहिल्या रांगेत बाही वर सारून बसलेला.

तानुबाई माझ्याजवळच्या खुर्चीत टेकल्या. घड्याळ काढून मांडीवर ठेवले. मग जराही विचार न करता, कानातले फूल काढावे तितक्या सहज, त्यांनी नखाने गादी उचलली.

“हाई काय लिखेल शे, भाऊ? पावती ते नही दिखत.”

“ओळ आहे, अक्का.”

“माले वाची दाखाड.”

मी वाचली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. आबा केळीच्या ट्रकबरोबर थेट दिल्लीपर्यंत जात, दहा दहा दिवस येत नसत, हे गावाला ठाऊक होते.

“कोन लिखं हाई?”

“मी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “वाट तं मी देखी,” त्या म्हणाल्या. “मंग घडी मन्ही शे.” त्यांनी मांडीवरचे घड्याळ उचलले.

अभिमन उठून आला, हात पुढे करून. तानुबाईंनी त्याच्या हातावर रिकामी पेटी ठेवली आणि आपले मनगट माझ्यापुढे धरले. पट्टा मोठा होता. शेवटच्या भोकातही ढिला. बांगड्या वर सारून मी तो बांधला, आणि त्यांनी विचारले, “याले चावी कशी देतस?”