मिशीची पैज

लोकांनी सकाळी हुरूपाने उठावं म्हणून मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या कंपनीत धाकटी नोकरीला होती. संदेश तीच लिहायची. ‘ऊठ, सूर्य तुझ्यासाठी थांबलाय’ हे तिचंच. ते तिला दुपारी, टेबलावर डोकं टेकून डुलकी काढल्यावर सुचलं होतं.

वडिलांना या नोकरीचं भारी हसू यायचं. “हिला उठवता उठवता शेजारी जागे होतात, आणि ही जगाला उठवणार. वर्षभर टिकलीस तर मिशी उतरवीन.”

आधीच्या नोकऱ्या तिने कंटाळून सोडल्या होत्या. हिला मात्र ती त्या मिशीवर डोळा ठेवून चिकटली.

वर्ष भरत आलं आणि वडीलच गेले. धाकटीने जे अंथरूण धरलं, ते सोडेना.

सांत्वनाला माणसं थोडी आली, संदेश पुष्कळ. बहुतेक तिचेच. साहेबांनी तर ‘पडणं हा उडण्याचा सराव असतो’ हे तिचंच वाक्य स्वतःच्या सहीने पाठवलं, आणि खाली जोडलं, ‘सोमवारी आली नाहीस तर दुसरं माणूस बघतो.’ धाकटीने सगळे वाचले. आपलं औषध आपल्याला लागू पडत नाही, एवढं कळलं.

रविवारी संध्याकाळी आई उशाशी येऊन बसली.

“झोप हो तू. तसंही हे सांगूनच गेलेत.”

“काय?”

“मी गेलो की ही नोकरी सोडेल आणि खापर माझ्यावर फोडेल.”

“असं म्हणाले? कधी?”

“हॉस्पिटलात. मिशीला पीळ देत.”

“शेवटपर्यंत खोड गेली नाही त्यांची,” म्हणत धाकटीने पांघरूण लाथाडलं.

सोमवारी बसमध्ये तिच्या डोक्यात आलं, वडिलांच्या नाकात नळी होती, हात बांधलेले होते. पीळ कसला देतील? पण तोवर ऑफिसचा थांबा आला होता.

वर्ष भरलं त्या दिवशी घरी येऊन ती वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिली. काचेवर बोट आडवं धरून तिने मिशी झाकली.

“काढ ते बोट,” आई मागून म्हणाली. “ओळखू येत नाहीत.”

तिने बोट काढलं.

“दुसऱ्या वर्षाबद्दलही म्हणाले होते काहीतरी,” आई म्हणाली.

“काय?”

“सकाळी उठलीस की सांगेन.”